नांगराचा दोर, साखळी आणि मधला सांधा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात दोर-साखळीच्या दुकानाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. उसाच्या ट्रॉलीवाले, विहिरीत मोटार सोडणारे, मांडववाले, बेंदराच्या आधी कासरे न्यायला येणारे शेतकरी. त्यात गेल्या काही वर्षांत बामणोली-तापोळ्याकडचे बोटवाले वाढले. कुणी "नांगराला दोर पाहिजे" म्हटलं की आमच्याकडचा पोरगा आधी विचारतो, "ट्रॅक्टरचा की बैलाचा?" त्याची चूक नाही. इकडे नांगर पाण्यात कमी आणि रानात जास्त. म्हणून बोटीच्या नांगराचे तेच ते प्रश्न काउंटरवर रोज येतात. त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतो.

नुसता दोर चालत नाही का? साखळी हवीच कशाला?

नांगर वजनाने धरत नाही, तो गाळात रुतून धरतो. रुतायचा तर ओढ आडवी हवी. दोर हलका असतो, बोट मागे सरली की तो वर ताणला जातो आणि नांगराची दांडी उचलतो. दांडी उचलली की नांगर उपटतो. पुढच्या तुकड्यात साखळी असली की ती तळाला लोळत पडते आणि ओढ जमिनीलगत ठेवते. दुसरं म्हणजे शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, तळ नुसता गाळ नाही. धरणात पाणी अडलं तेव्हा रानं, बांध, घरांची जोती, झाडांचे बुंधे, सगळं खाली गेलं. असल्या दगडगोट्यांवर रात्रभर घासला तर दोराची सकाळपर्यंत लोकर होते.

मग सगळीच साखळी का नको? वजन. ६ मिमीची साखळी मीटरला साधारण ८०० ग्रॅम, ८ मिमीची सुमारे १.४ किलो. अठरा फुटी होडीच्या पुढच्या टोकाला पन्नास मीटर ८ मिमी साखळी म्हणजे सत्तर किलो. एक माणूस कायमचा नाकावर बसवल्यासारखं झालं. शिवाय ताणलेल्या साखळीला लवचीकपणा नसतो, लाटेचा प्रत्येक हिसका सरळ बोटीच्या खुंट्याला बसतो. दोर तो हिसका गिळतो. म्हणून दोघांची जोडी.

साखळी किती घ्यायची?

निदान बोटीच्या लांबीएवढी. अठरा-वीस फुटी बोटीला ६ मीटर. जाडीचा अंदाज असा की दोराच्या निम्म्या जाडीची साखळी: १२ मिमी दोराला ६ मिमी, १६ मिमी दोराला ८ मिमी. थोडी जास्त झाली तर बिघडत नाही, कमी नको.

एवढी बारीक साखळी तुटणार नाही?

आकडे बघा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात वीस फुटी बोटीवर ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर वाऱ्याला नांगरावर येणारा भार ३६० पौंड धरलाय, म्हणजे १६०-१६५ किलो. चांगल्या ६ मिमी बोट-साखळीचा कामाचा भार ४०० किलो असतो, तुटायचा त्याच्या चौपट. पण हेही लक्षात असू द्या की वारा दुप्पट झाला की भार चौपट होतो. वळवाच्या वाऱ्यात "मागच्या खेपेला टिकलं होतं" हा हिशेब चालत नाही.

दोर कुठला घ्यावा? दुकानात तर दहा रंगांचे आहेत.

रंगावर जाऊ नका. गिऱ्हाईक नव्वद टक्के वेळा त्या निळ्या-हिरव्या चकचकीत पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोराकडे बोट दाखवतं, कारण तो स्वस्त असतो आणि म्हशीपासून मांडवापर्यंत सगळ्यांनी वापरलेला असतो. नांगराला तो घेऊ नका. पीपी पाण्यावर तरंगतो. तुमचा दोर पाण्यावर लोळत राहिला आणि शेजारच्या बोटीचा पंखा त्यात अडकला, तर भांडण तुमच्या दारात. शिवाय उन्हात दोन-तीन उन्हाळे काढले की तो भुरभुरीत होतो, हातात धरला तर पांढरी कुसं टोचतात. आणि तो फारसा ताणलाही जात नाही.

नांगराला नायलॉन. तो पाण्यात बुडतो, उन्हाला बऱ्यापैकी टिकतो आणि मुख्य म्हणजे ताणतो. तुटायच्या आधी आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा तो लांबू शकतो. हाच त्याचा गुण, आणि हाच धोकाही: ताणलेला नायलॉन तुटला तर रबरासारखा मागे येतो, म्हणून ताणात असलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नका, पोरांना तर अजिबात नाही. ओला झाल्यावर नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते, ते हिशेबात धरलेलं असतं.

पॉलिएस्टरही मजबूत असतो, पण ताणत कमी. तो बोट धक्क्याला बांधायला किंवा शिडाच्या कामाला बरा.

बांधणी तिपेडी, म्हणजे तीन पेडांचा पिळाचा. वेणीसारखा विणलेला दोर हाताला मऊ लागतो, गुंडाळायला सोपा असतो, पण त्याचा सांधा विणणं किचकट. तिपेडी दोराचा सांधा मी तुम्हाला चहा थंड व्हायच्या आत दाखवतो. वाईला गारवेअरचा दोर आणि जाळ्यांचा कारखाना आहे, त्यामुळे चांगला नायलॉन आपल्या जिल्ह्यात परका नाही. विचारताना फक्त "नायलॉन" म्हणू नका. बाजारात कुठल्याही प्लॅस्टिकच्या दोराला नायलॉन म्हणायची सवय आहे. एक वीतभर तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. तरंगला तर तो नायलॉन नाही.

एकूण दोर किती सोडायचा?

खोलीच्या पाच ते सातपट. खोली मोजताना पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतची उंची मिळवा, लोक ती विसरतात. पाणी ८ मीटर, नाक अर्धा मीटर वर, म्हणजे साडेआठ. पाचपट साडेबेचाळीस मीटर, सातपट साडेएकोणसाठ. साखळी यातच धरलेली. वारा नसेल आणि जेवणापुरतं थांबायचं असेल तर पाचपट पुरे. रात्र काढायची तर सातपट.

आपल्याकडची एक गोष्ट समुद्रावरच्या पुस्तकात सापडणार नाही. तिथे पाणी सहा तासांनी चढतं-उतरतं, इथे ते महिन्यांनी उतरतं. १०५ टीएमसीचं कोयना धरण दिवाळीला काठोकाठ असतं, मे अखेरीस काठ कुठल्या कुठे खाली गेलेला असतो. बोट कायम एकाच जागी नांगरून ठेवत असाल तर आठवड्याला दोर तपासा. नाहीतर एका सकाळी बोट चिखलात आडवी दिसते.

उसाच्या ट्रॉलीची साखळी आहे घरात. तीच लावली तर?

हा प्रश्न दर हंगामात येतो, आणि विचारणारा माणूस साखळी घेऊनच आलेला असतो. साखळी वाईट नसते, जागा चुकीची. ती बहुधा काळी असते, जस्त चढवलेलं नसतं, त्यामुळे एका पावसाळ्यात तिला तांबेरा धरतो. कड्या लांबोळक्या असतात. लांब कडी दगडाच्या धारेवर आडवी पडून ताण आला की वाकते. आणि तिच्यावर दर्जाचा शिक्का नसतो, म्हणजे कुठल्या लोखंडाची आहे हे ती बनवणारालाच ठाऊक.

बोटीला आखूड कडीची, गरम जस्तात बुडवून काढलेली साखळी घ्या. कडीवर ३० किंवा ४० असा दर्जाचा आकडा असतो. क्रेनच्या ८० दर्जाच्या साखळीचा मोह नको. ती जास्त मजबूत असली तरी कडक पोलादाची असते आणि पाण्यात ठेवायला केलेली नसते.

गाठ मारली तर काय होतं? आमच्या आज्याने गाठीवरच आयुष्य काढलं.

गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. साधी निरगाठ तर सोडूनच द्या. नांगराला एक खास गाठ आहे: कडीभोवती दोन वेढे, त्या वेढ्यांखालून टोक काढून एक अर्धी गाठ आणि उरलेलं शेपूट दोऱ्याने मुख्य दोराला बांधून टाकलेलं. अडीनडीला ती उत्तम. त्या गाठीवर मीही तीन हंगाम काढले, म्हणून पुढचं सांगतो.

मे महिना होता. दुपारी वळवाचं आभाळ आलं, तापोळ्याच्या अंगाने वारा सुटला. माझी अठरा फुटी फायबरची होडी नांगरलेली होती आणि मी काठावर कांदाभजी खात होतो. बघता बघता होडी निघाली आणि समोरच्या काठाला चिखलात जाऊन बसली. दोर ओढला तर तो हलका लागला. टोकाला साखळीच नाही, नुसता केरसुणीसारखा विस्कटलेला झुबका. बाहेरून दोर नवा दिसत होता. वर्षभर मी रोज तो हातात घेत होतो आणि गाठीच्या आत काय चाललंय ते एकदाही बघितलं नव्हतं.

पुढल्या उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तोच नांगर भेगाळलेल्या गाळात साखळीसकट सापडला. शेवटच्या कडीत बोट घातलं आणि कळलं. कडीच्या आतल्या अंगाला जस्त ओघळून एक थेंब घट्ट झाला होता, डाळीएवढा, पण धारदार. होडी डोलली की दर वेळी तो दोरावर थोडी करवत चालवत होता. दोर चांगला, साखळी चांगली, नांगरही चांगला. गेलं ते मधल्या दोन बोटांच्या जागेत.

तेव्हापासून कुठलीही साखळी विकताना मी शेवटच्या कडीत बोट फिरवतो. तुम्हीही फिरवा. टोचलं तर कानसीने घासा, आणि घासलेल्या जागी जस्ताचा रंग लावा, नाहीतर तिथेच गंज धरेल.

थिंबल आणि शॅकल लावावं, की दोर सरळ कडीतच विणावा?

दोन्ही बरोबर आहेत. बोट बघून ठरवा.

थिंबल म्हणजे दोराच्या फासात बसणारी लोखंडी खोबण. दोर तिच्याभोवती वळवून पेड परत दोरात विणायचे, आणि त्या फासात शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी लोखंडी कडी, घालून साखळी जोडायची. फायदा असा की दोर लोखंडी खोबणीत गोल वळतो, कडीच्या कडेवर मुरडत नाही. आणि नांगर-साखळी वेगळी करायची तर पाना घेतला की काम झालं. हाताने नांगर ओढणाऱ्या छोट्या बोटीला, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास सगळ्यांना, मी हेच सांगतो. तोटा एवढाच की हा जाड गठ्ठा नाकावरच्या रुळावर अडतो आणि हाताची बोटं चेपतात.

कडीत थेट विणलेला सांधा सपाट असतो, रुळावरून आणि मशीनवरून सरसर जातो. शॅकल नाही, म्हणजे पिन सुटायची भीती नाही. पण दोर कडीवर एकदम वळतो, तिथे झिजतो, आणि गाळ-पाणी धरून ठेवल्यामुळे आतली कडी लवकर गंजते. हा सांधा दरवर्षी कापून नव्याने विणायचा, असं ठरवूनच करायचा.

नीट विणलेला सांधा दोराची जवळजवळ ९० टक्के ताकद राखतो. गाठीशी तुलना करून बघा.

कडीतला सांधा विणायचा कसा?

१२ मिमी दोर धरू. टोकापासून वीतभराहून थोडं जास्त, २५ ते ३० सेंटीमीटर, पीळ उलगडा. जिथे थांबलात तिथे दोराला चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, नाहीतर पीळ आपोआप पुढे सुटत जातो. तिन्ही पेडांची टोकं मेणबत्तीवर वितळवून टोकदार करा. बोट भाजतं, तयारी ठेवा.

आता शेवटच्या कडीत दोन पेड एका बाजूने घाला आणि तिसरा उलट्या बाजूने. तिन्ही ओढून चिकटपट्टी कडीला टेकेपर्यंत आणा. ढिला ठेवलात तर पुढे सांधा कडीवर घासत नाचतो. मग चिकटपट्टी काढा आणि प्रत्येक पेड मुख्य दोराच्या पिळाच्या उलट दिशेने विणायला लागा: शेजारच्या एका पेडावरून, पुढच्याच्या खालून. बाज विणताना हात जसा चालतो तसाच. एक पेड, मग दुसरा, मग तिसरा, तिन्ही झाले की एक फेरा. दोराचे पेड उघडायला टोकदार लाकडी खुंटी घ्या. स्क्रू ड्रायव्हरने तंतू तुटतात, तरी सगळे तोच घेतात.

असे निदान पाच पुरे फेरे. नायलॉन गुळगुळीत असतो, तागाच्या दोराला तीन फेरे पुरत, याला पुरत नाहीत. मी सहा घालतो. त्यापुढे प्रत्येक पेडातले थोडे तंतू कापून आणखी एक-दोन फेरे घाला, म्हणजे सांधा उंदराच्या शेपटीसारखा निमुळता होतो आणि रुळावर अडकत नाही. प्रत्येक फेऱ्याला तिन्ही पेड सारखे ओढा. एक ढिला राहिला की भार दोघांवरच येतो. शेवटी पायाखाली लोळवा, साखळी खिळ्याला अडकवून अंगाच्या जोराने ओढा, सांधा बसला की मगच उरलेली टोकं कापून वितळवा.

पहिला सांधा बेढब होतो. माझा मुंगूस गिळलेल्या सापासारखा दिसत होता.

शॅकल स्टेनलेसची घेऊ का? चकाकते.

साखळी जस्ताची असेल तर शॅकलही जस्ताचीच. दोन वेगळे धातू पाण्यात चिकटून राहिले की एक दुसऱ्याला खातो. इथे स्टील जस्ताला खाईल. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, पण होतं. माप साखळीहून एक घर मोठं: ८ मिमी साखळीला १० मिमी शॅकल, आणि तिच्यावर भाराचा आकडा उठवलेला हवा. पिन तुमच्या शेवटच्या कडीतून जाते का, हे दुकानातच घालून बघा. घरी जाऊन फोन करणारे पुष्कळ.

पिन घट्ट केल्यावर तिच्या भोकातून तार ओवून शॅकलच्या अंगाला बांधा. तारसुद्धा जस्त चढवलेली. ही दोन रुपयांची तार विसरणारे लोक पाच हजारांचा नांगर तळाला ठेवून येतात.

फिरकी, म्हणजे पीळ बसू नये म्हणून जोडात घालतात ती गोल फिरणारी कडी, लावावी का?

छोट्या बोटीला गरज नाही. जोडणी वाढली की कमकुवत जागा वाढते.

आमची बोट कोकणात आहे, नांगर मशीनने ओढतो. काही वेगळं?

हो. मशीनच्या चाकाचे खाचे एकाच मापाच्या साखळीला बसतात. १० मिमीमध्ये डीआयएन (जर्मन प्रमाण) मापाच्या कडीचं अंतर २८ मिमी आणि आयएसओचं (आंतरराष्ट्रीय प्रमाण) ३० मिमी. दिसायला सारख्या, पण चुकीची घेतली की उड्या मारते. मशीनवरचा शिक्का किंवा जुन्या साखळीच्या दहा कड्या मोजून आणा. आणि मशीनला सांधा कडीत विणलेलाच, शॅकल चाकातून जात नाही. खाऱ्या पाण्यात तपासणीही दुप्पट.

सांधा कधी बदलायचा?

बोटाने सांगतो. कडीजवळचा दोर वाकवून बघा. फांदीसारखा कडक झाला असेल तर आत गाळ आणि गंज बसलाय. पेड थोडे उघडून आत डोकवा. बाहेरून लव आली तर चालते, आतला पेड तपकिरी दिसला तर कापा. हातभर कापून नवीन सांधा विणायला अर्धा तास लागतो. मी दिवाळीनंतर, हंगामाच्या तोंडावर करतो. त्याच वेळी साखळी उलटी फिरवून नांगराकडचं टोक दोराकडे आणतो, म्हणजे झीज दोन्हीकडे वाटली जाते.

दोराचं दुसरं टोक कशाला बांधू?

बोटीच्या मजबूत खुंट्याला, पण साखळीने किंवा शॅकलने नाही. बारीक दोरीच्या चार-पाच फेऱ्यांनी. संकटात एका कोयत्याने सुटलं पाहिजे.

नांगर बुंध्यात अडकला तर?

नांगराच्या पुढच्या अंगाला वेगळी बारीक दोरी बांधा आणि तिच्या टोकाला रिकामा कॅन तरंगत ठेवा. सरळ ओढून निघाला नाही तर कॅनकडून उलटा ओढा. शिवसागरात ही सोय नसलेले नांगर किती असतील, ते मेमध्ये पाणी उतरलं की काठावर फिरून बघा.

आम्ही सांगलीचे. कृष्णेच्या वाहत्या पाण्यात, पुरात हेच चालेल?

सांधा तोच, शिस्त वेगळी. वाहत्या पाण्यात नांगर नाकातूनच टाकायचा, मागून कधीच नाही. मागचा काठ बुटका असतो, दोर ताणला की तो खाली खेचला जातो आणि प्रवाह सरळ बोटीत शिरतो. बोट क्षणात भरते. पुरात झाडं, पत्रे, जनावरं वाहून येतात. ती दोरावर अडकून सगळा भार नांगरावर देतात, म्हणून वर सांगितलेला कोयता इथे हाताशीच हवा, डब्यात नको.

आयर्विन पुलावर पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी गाठली की बोटी काठावर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांपुढे गेलं होतं. तेवढ्या पाण्यात नांगरावर विसंबणं म्हणजे बैल सुटलेल्या गाडीत बसून कासरा ओढणं. ४५ फूट ही धोका पातळी, तोपर्यंत थांबूच नका.

सांधा विणायला शिकवाल का?

पावसाळ्यात या. बोटिंग बंद असतं, ट्रॉलीवाल्यांचा हंगाम सुरू झालेला नसतो, दुकानात मी आणि पोरगा दोघेच असतो. येताना दोन हात जुना तिपेडी दोर आणि साखळीच्या चार कड्या घेऊन या. नवीन दोर नको, पहिले तीन सांधे फेकायचेच असतात.